गवत कापायचं कधी

बाई,

परवा एक छापील कागद आला. सोमवारी जंगल खात्याच्या कचेरीत बैठक आहे आणि तिला बोलावलेल्या प्रत्येकाने आपली माहिती आधी भरून पाठवायची होती. नाव, शिक्षण, नोकरी कुठे केली, आणि त्याखाली एक रकाना: संशोधनाचे विषय. माझ्या ओळखीचा एक तरुण प्राध्यापकही त्या बैठकीला येणार आहे. त्याने आपला भरलेला कागद मला दाखवला. रकाना भरून मजकूर बाहेर आला होता. तळ्यावरचे पक्षी, जंगलातले वणवे, रानडुकरं आणि शेतकरी यांचं भांडण, कपाशीवरच्या अळ्या खाणारे किडे, असं बरंच काही. वाचून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. तुमच्या वेळी या अभ्यासाला आपल्याकडे धड नावसुद्धा नव्हतं. लोक विचारायचे, बाई रानात काय करतात, तर मी सांगायची, मोजतात. मी माझ्या रकान्यात लिहिलं, ‘गवत कधी कापावं’. तो पोरगा म्हणाला, “मॅडम, एवढंच?” एवढंच, बाई. तुमचा प्रश्न एवढाच होता आणि माझा जन्म त्याच्यात गेला.

तिवशाच्या अलीकडचा आपला रमणा अजून आहे, म्हणजे त्याचा एक तुकडा आहे. बाकीचा नांगराखाली गेला. इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाडात सरकारने गवताची अशी रानं राखून ठेवली होती, त्यांना सगळे रमणे म्हणायचे, आणि दरवर्षी त्यांतल्या गवताचा लिलाव व्हायचा, हे आता नव्या माणसाला समजावून सांगावं लागतं. त्या उरलेल्या तुकड्याला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात. तिथे खड्डे खणून झाडं लावायचा बेत आहे. झाडं लावायला नाही कोण म्हणेल? सोमवारी मी म्हणणार आहे. हे उजाड झालेलं जंगल नाही, हे मुळापासून गवताचंच रान आहे आणि इथे जे जगतं ते झाडाच्या सावलीत जगत नाही, हे मला चार माणसांत उभं राहून सांगायचं आहे. त्याच्या तयारीसाठी तुमच्या वह्या काढल्या. पानं उलटता उलटता वाटलं, आधी तुमच्याशी बोलावं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन तुमच्याच शाळेत, अमरावतीला, लहान वर्गांना शिकवायला लागले होते. तुम्ही वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत होता. तुम्ही मूळच्या अकोल्याच्या. वडील जंगल खात्यात कारकून, त्यांच्याबरोबर लहानपणी बैलगाडीतून रमण्यांवर हिंडलेल्या. नागपूरला जाऊन बी. एस्सी. झालात, एका सरकारी कचेरीत जागेसाठी अर्ज केलात, तर उत्तर आलं की बायकांची सोय नाही. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही गवताची जुडी बांधता बांधता, आणि पुढच्याच वाक्यात म्हणालात, “सुतळी दे.” तुमच्या डोक्यात प्रश्न होता तो वेगळाच. तुमच्या लहानपणी त्या रमण्यात पवन्या आणि तिखाडी ही गवतं माणसाच्या छातीएवढी वाढायची. आता जिकडेतिकडे कुसळ झालं होतं, ज्याची टोकं लुगड्यात घुसली की पिंढरीला रक्त काढतात. आणि पावसाळ्यात गवतावरून उड्या मारणारा काळा तणमोर पक्षी, जो तुम्ही लहानपणी गाडीत बसून डझनाने पाहिला होता, तो आता एखाददुसरा दिसायचा. असं कशानं झालं? ठेकेदार पोळा झाला की लगेच हिरवं गवत कापायला लावतो म्हणून? बी पडायच्या आत विळा लागतो, अंड्यांवर बसलेली मादी उठून जाते म्हणून? तुम्हाला वाटत होतं, हो. पण वाटणं निराळं आणि माहीत असणं निराळं, म्हणून तुम्ही जंगल खात्याकडे अर्ज करून रमण्यातले चार पट्टे लिलावातून सोडवून घेतलेत. एक पोळ्यानंतर कापायचा, एक दसऱ्याला, एक कोजागरी उलटल्यावर, आणि एक कापायचाच नाही.

एक दिवस मधल्या सुट्टीत तुम्ही मला विचारलंत, “तुझी मावशी तिवशाकडे दिली आहे ना? कुठल्या गावी?” मी गावाचं नाव सांगितलं. तुम्ही हसलात. रमणा त्या गावाच्या शिवेलाच लागून होता. एका शनिवारी तुम्ही जायचं, एका शनिवारी मी जायचं, मावशीकडे मुक्काम करायचा, सकाळी सागवानी चौकट गवतावर ठेवायची आणि तिच्यात कशाचे किती ठोंब आले ते मोजून वहीत लिहायचं, असं ठरलं. घरी सांगितलं तेव्हा माय शेवंतीचे हार ओवत होती. आमचा फुलांचा आणि भाजीचा धंदा. सुईतला दोरा तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. “गवत मोजाले? बाप्पा! गवत काय मोजाची गोष्ट हाय? शिकल्या-सवरल्या बाया अशा येड्या व्हतात काय वं?” मग पुन्हा फूल ओवत म्हणाली, “मावशीले दोन वांगे नेजो.” म्हणजे परवानगी मिळाली.

तुमचं स्वयंपाकघर मला आताही दिसतं. चुलीवर टांगलेल्या मांडवीवर पापड-कुरडयांऐवजी गवताच्या जुड्या वाळत टाकलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. सोनाराकडून मिळवलेला तराजू पोळपाटाशेजारी. तुम्ही एका हाताने भाकरी थापता आणि दुसऱ्या हाताने मला खूण करता, की हां, आता ती जुडी ठेव. तिखाडीचा वास वरणालासुद्धा लागलेला असे. तुमच्या घरी जेवलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला तो वास यायचा, आणि माय म्हणायची, हिच्या अंगाले रानाचा वास मारून राहिला. मला तो वास फार आवडायचा. एक सांगते, पहिलं वर्षभर मला त्या आकड्यांत काहीच दिसत नव्हतं. तुम्ही दिव्याखाली बोटाने रेघ ओढायचात, “बघ, हा पट्टा बघ,” आणि मी मान डोलवायची. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र न मोजताच दिसायला लागलं. उशिरा कापलेल्या पट्ट्यात पवन्या दाट होत होता आणि लवकर कापलेल्यात कुसळ. मला ते दिसलं त्या दिवशी मी मावशीच्या अंगणात उभी राहून एकटीच हसले होते.

तो महालक्ष्म्यांचा आठवडा दुसऱ्याच पावसाळ्यातला. शनिवार माझा होता. फुलांच्या धंद्यात त्या तीन दिवसांसारखे दिवस वर्षात नाहीत. घरात शेवंतीचे, झेंडूचे ढीग, दारात गिऱ्हाइकं, आणि हात दोघींचे. मी निघायची तयारी करत होते तर माय म्हणाली, “आज नोको जाऊ. एक खेप नाई गेली तं गवत काय मरून राहिलं?” तिच्या बोटांना सुईची भोकं पडलेली मी पाहत होते. मी गेले नाही. इथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं, बाई. सोमवारी शाळेत तुम्हाला सांगितलं असतं, की गेले नाही, तर तुम्ही “बरं” म्हणाला असता. पण रविवारी दुपारी हार संपल्यावर मी वही घेऊन बसले, मागच्या खेपेचे आकडे समोर ठेवले आणि त्यांच्यात थोडी थोडी भर घालत सगळे रकाने भरले. पवन्या थोडा वाढवला. कुसळ होतं तेवढंच ठेवलं. एका चौकटीत मुद्दाम कमी लिहिलं, खरं वाटावं म्हणून. हे सगळं करताना मला भीती वाटली नाही. उलट, मला आता गवत इतकं कळतं की न पाहता सांगू शकते, असं काहीसं वाटलं.

दिवाळी झाल्यावर जंगल खात्याचे साहेब दौऱ्यावर आले आणि तिवशाच्या विश्रामगृहात तुम्हाला भेटीची वेळ मिळाली. तुम्ही मलाही नेलंत. व्हरांड्यात टेबल, साहेब खुर्चीवर, त्यांच्या बाजूला रमण्याचे ठेकेदार, कारण त्यांचंही म्हणणं ऐकायचं होतं. ठेकेदार तिवशाकडचेच मुसलमान गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या गवताचा व्यापार, अमरावतीच्या टांगेवाल्यांना आणि गवळ्यांना त्यांच्याच गंजीतलं गवत जायचं. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. तुमची मागणी एवढीच होती, की दरवर्षी रमण्याचा तिसरा हिस्सा पाळीपाळीने कोजागरीपर्यंत विळ्याविना ठेवावा. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. वही मागितली, पानं उलटली. मला आठवतं, ते म्हणाले, “बाई, हे काम चांगलं आहे. पुढच्या लिलावाच्या अटींत हे घालता येईल, असं मला वाटतं.” तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण पदराचं टोक तुम्ही बोटाला गुंडाळत होता ते थांबलं. मग साहेब एकेक तारीख वाचू लागले, आणि महालक्ष्म्यांच्या आठवड्याशी आले.

ठेकेदार पुढे वाकले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, याची मी शपथ घेईन. “कोनत्या पट्ट्यात म्हनता, साहेब? ईसाव्या मैलाच्या दगडाजवळच्या? तिथं कसा पवन्या मोजला? त्या हप्त्यात तं माहेच बैल शिरले होते त्यात. चार बैल दोन दिवस. पार साफ करून टाकलं त्यायनं. मी सोता गेलो होतो हाकलाले.” आणि मग हसून, “शायद नजरेची चूक झाली असन.”

पुढच्या शनिवारी तुम्हाला तो पट्टा चरलेला दिसला होता, पण ढोरं माझ्या खेपेनंतर शिरली असं तुम्ही धरून चालला होता. तुम्ही माझ्याकडे वळलात. ओरडला नाहीत. “त्या शनिवारी तू गेली होतीस का?” मी म्हटलं, “नाही.” व्हरांड्याच्या खांबाला कुणीतरी सायकल टेकवत होतं, तिची घंटी वाजली, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. तुम्ही वही साहेबांच्या हातून परत घेतलीत. म्हणालात, “हिने एकटीने केलेल्या सगळ्या नोंदी मी मागे घेते. दोन्ही वर्षांच्या.” साहेब म्हणाले, एका आठवड्याचाच प्रश्न आहे, तेवढा काढून टाका. ठेकेदारही कळवळले, “बाई, लिवून टाका ना ढोरं शिरली म्हनून. झालं गेलं. पोट्टी हाय.” तुम्ही म्हणालात, “एक मला सापडला. बाकीचे खरे आहेत हे मी कशावरून सांगू? मी तिथे नव्हते.” साहेबांनी विचारलं, “निम्म्या नोंदी गेल्या तर मग तुमच्याकडे उरलं काय?”

“पुढचा पावसाळा,” तुम्ही म्हणालात, आणि नमस्कार करून पायऱ्या उतरलात.

तिकीट काढून मोटारीने आपण परत निघालो. अमरावतीला उतरल्यावर मला वाटलं, आता मला घरी जा म्हणाल, पण तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत, चूल पेटवलीत, पिठलं केलंत आणि ताट वाढलंत. मी भाकरी कुस्करत बसले. तुम्ही जेवलात. हात धुऊन येऊन समोर बसलात आणि मग बोललात. “तू खोटं लिहिलंस त्याचा मला राग आहेच. पण त्याहून जास्त राग कशाचा आहे सांगू? ते आकडे मी वाचले होते. वाचून मला आनंद झाला होता. मला जे हवं होतं तेच तू लिहिलंस, म्हणून मला शंकासुद्धा आली नाही. मला नको असलेले आकडे असते तर मी दुसऱ्याच दिवशी रमण्यावर पोचले असते.” मग म्हणालात, “हा माझा दोष. तो मी सुधारीन. तुझा तू बघ.” मी विचारलं, आता मी येऊ नको का? तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जणू मी काहीतरी अडाणीपणाचं विचारलं. “न येऊन कसं भागेल? चौकट कोण धरणार?”

त्या वर्षी मागणी अर्थातच मंजूर झाली नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पहिल्यापासून सुरुवात केलीत. शाळा सांभाळून दर शनिवारी स्वतः. मी बरोबर. मी चौकट धरायची, मोजून मोठ्याने सांगायची, मग तुम्ही तेच पुन्हा मोजायचात आणि तुम्हीच लिहायचात. वही वर्षभर माझ्या हाती दिली नाहीत. कमी भरलं तर सरळ तोंडावर सांगायचात, “कमी मोजलंस, पुन्हा.” मला वाईट वाटायचं, पण सोडून द्यावं असं एकदाही वाटलं नाही. त्याच पावसाळ्यात एकदा पाय टाकणार तिथेच घोणस वेटोळं करून पडलेली दिसली, आणि पुढच्या शनिवारी तुम्ही मोटारीत एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलंत. आत तुमच्या वडिलांचे रानातले बूट. अकोल्याहून भावाकडून मागवलेले. माझ्या पायाला ते होडीसारखे मोठे, पुढे चिंध्या कोंबाव्या लागल्या. लुगडं आणि बूट अशी मी गावातून निघाले तेव्हा मावशीच्या शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही म्हणालात, “हसू दे. चावलं तर त्यांना चावणार नाही.” दिलेली वस्तू म्हणून तुम्ही ते दिले नव्हते, कामाची चीज म्हणून दिले होते, पण माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं मोलाचं काही दिलेलं नाही.

ठेकेदार आपल्याला भेटले ते त्याच साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी. आपण बांधावर डबा खात होतो. ते बैलगाडीतून उतरले, सलाम करून थोडे अंतरावर बसले आणि त्यांनी गवताची एक काडी दातात धरली. मग म्हणाले, “बाई, त्या दिवशी मी बोललो नसतो तं तुमचं काम झालं असतं.” तुम्ही म्हणालात, तुम्ही बोललात ते बरं केलंत. “तसं नाई. बैल माहे शिरले, चूक माही बी हाय. अन् दुसरी गोष्ट. मले तुमच्या पाखराचं काई घेनंदेनं नाई, खरं सांगतो. पन या कुसळानं घोड्याईचे तोंडं सोलून राहिले. टांगेवाले गवत वापस आनून राहिले माह्या दारात. माह्या अब्बाच्या टाइमाले हे असं नव्हतं. तुमी म्हनता तो तिसरा हिस्सा, तो मी या साली ठुतो. सरकार म्हनो का ना म्हनो. पाहू काय होते तं.” तुम्ही विचारलं, कोणता हिस्सा? “तुमी बोट दाखवा.” तुम्ही उभ्या राहून नाल्याकाठचा उतार दाखवलात. मग वही काढून त्या उताराची हद्द लिहून घेतलीत.

त्या उतारावर आश्विनात घडलेलं मी कितीतरी वर्गांना सांगितलंय. पलीकडच्या भागात कापणी चालली होती, बायांची रांग विळे घेऊन उताराकडे सरकत होती. रांगेच्या टोकाची बाई एकाएकी थांबली, विळा जमिनीवर टाकला आणि हाक मारली, “बाई, या इकडे. आस्ते या.” आपण गेलो. कापलेल्या भागातून तणमोराची मादी मान खाली घालून चालली होती, मागे दोन पिल्लं, गवताच्याच रंगाची, हलली तरच दिसावीत अशी. ती न कापलेल्या गवतात शिरली आणि गवत मिटलं. तुम्ही माझं मनगट धरलं होतं. मग सोडलंत, पिशवीतून वही काढलीत आणि ती माझ्या हातात दिलीत. “लिही,” म्हणालात. “जे दिसलं तेच लिही.” वर्षभराने वही माझ्या हाती आली. मी दोन पिल्लं असं लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि खाली तुमचं काही न लिहिता मिटून ठेवलीत. पुन्हा मोजलं नाहीत.

पुढच्या वैशाखात तुम्ही अकोल्याला भावाकडे सुट्टीला गेलात आणि विषमज्वराने गेलात. कार्ड आलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. मी बडनेऱ्याहून गाडी धरून पोचले, तुमच्या वहिनींनी मला पाणी दिलं आणि आतून वह्यांचं बोचकं आणून पुढ्यात ठेवलं. त्या म्हणाल्या, ताप असतानाही विचारत होत्या, रमण्यात आग तर लागली नाही ना. मी परत येताना गाडीत ते बोचकं मांडीवर घेऊन बसले. रडले नाही. मनात एकच हिशेब चालू होता, की पोळ्यानंतरचा पहिला शनिवार कोणता येतो आणि मोटार किती वाजता सुटते.

त्या साली महालक्ष्म्या पुन्हा शनिवारी आल्या. मी मायला काही बोलायच्या आत तिने हारांचं काम शेजारणीवर टाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, “चाल. मी बी येतो. एकली पोरगी रानात कावून धाडू?” तिला माझी चौकट धरायला दिली. मधेच नाल्यापलीकडून काळा नर गवतावर उडाला, पंख फडफडवत वर गेला आणि दगड पडावा तसा खाली गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. माय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “हे काय करून राहिलं वं?” मी सांगितलं, मादीला बोलावतो. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. “येडंच हाय,” म्हणाली. आणि मग चौकट नीट धरून, “सांग, कुठं ठेवू?” त्यानंतर पाच-सहा पावसाळे ती माझ्याबरोबर आली. ठेकेदारांनीही शब्द पाळला; त्यांच्या मुलाने त्यांच्यानंतर पाळला. दुसरं महायुद्ध संपता संपता मी सगळ्या नोंदी घेऊन पुन्हा जंगल खात्याकडे गेले. साहेब दुसरे होते. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, ज्याचं उत्तर नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. त्या रमण्यापुरता तिसऱ्या हिश्शाचा नियम झाला. छोटासा नियम, लिलावाच्या कागदावर एक ओळ. ती ओळ टायपात उमटलेली मी पाहिली तेव्हा कारकुनासमोर मला तुमचं नाव मोठ्याने घ्यावंसं वाटलं होतं. घेतलं नाही.

पुढे मी नागपूरला शिकले, अमरावतीच्या कॉलेजात शिकवलं, मी शिकवलेली पोरं-पोरी आता कुठे कुठे आहेत. कुणी जंगलात, कुणी तळ्यांवर, कुणी नुसत्या मुंग्यांच्या मागे. त्यांचे विषय मला सगळे कळतात असं नाही. मी मात्र गवत सोडलं नाही. राज्य बदललं, वऱ्हाडचा नकाशा बदलला, रमणा निम्म्याहून कमी झाला, गुडघे गेले, तरी पोळ्यानंतरचा शनिवार मी चुकवला नाही. आताच्या दोन पावसाळ्यांत तणमोर दिसला नाही, हेही लिहून ठेवलं आहे. सोमवारी ते लोक म्हणतील, पक्षीच नाही तर राखायचं कशाला. मी म्हणेन, गवत आहे. गवत आहे तोवर वाट बघता येते. झाडं लावलीत तर तीही बघता येणार नाही. ऐकतील न ऐकतील. न ऐकले तर वरच्या कचेरीत जाईन, तिथून आणखी वर. या वयात मला दुसरं काही काम नाही, आणि असतं तरी मी हेच आधी केलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून मोकळी होते. पुष्कळ वर्षांमागे आपल्या कामाचा एक लेख छापून आला, वर तुमचं नाव, खाली माझं. सगळ्या वर्षांचा तक्ता आहे त्यात. त्या दोन वर्षांतल्या माझ्या ज्या नोंदी तुम्ही मागे घेतल्या त्या अर्थात तक्त्यात नाहीत. त्या का नाहीत याची तळाशी एक ओळ द्यावी लागते. मला तेव्हा बढती मिळायची होती. मी स्वतःला सांगितलं, की तुमच्या नावाला डाग नको. मी लिहिलं, ‘अतिवृष्टीमुळे नोंदी उपलब्ध नाहीत’. कुणी विचारलं नाही. सोमवारी वाटायला मी त्याच्या प्रती काढल्या आहेत, म्हणजे तो सगळ्यांच्या हातात असणार आहे. आज दुपारी बसून मी प्रत्येक प्रतीवरची ती ओळ शाईने खोडली आणि खरं कारण लिहिलं, माझ्या नावानिशी. कुणी विचारायच्या आत सांगणार आहे.

दोन्ही वर्षं पाऊस बेताचाच झाला होता, बाई.